कुंकू लावलेले डॉलर

"ह्या चालणार नाहीत, आजोबा," काचेपलीकडची मानसी म्हणाली.

कोंडीरामबुवांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. अमेरिकेहून येऊन आठवडा होत आला, तरी त्यांच्या कानांचे दडे सुटले नव्हते. दादरच्या त्या मनी चेंजरच्या दुकानात एसी होता आणि त्यांना झोप येत होती.

"खऱ्या आहेत गं पोरी. कीर्तन झालं की तिथली मराठी मंडळी आरतीच्या तबकात घालत. मी माझ्या हाताने उचलल्यात."

"खोट्या नाही म्हणत मी. पण हे बघा ना." तिने वरची नोट काचेला लावून धरली. नोटेवरच्या परदेशी गृहस्थाच्या बरोबर कपाळावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. तेलात कालवलेलं कुंकू. कागदाने ते पार पिऊन टाकलं होतं. "डाग असला की पुढे कोणी घेत नाही. मी घेतल्या तर माझ्या पगारातून कट होतील."

"ओल्या फडक्याने पुसल्या तर?"

"पसरेल. बँकेत देऊन बघा. ते बाहेर पाठवतात. तिकडून पास झालं तर पैसे येतात. महिना-दीड महिना धरून चाला."

बुवांनी मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या सोफ्यावर त्यांची बायको अंबिका गुडघे चोळत बसली होती. त्यांच्या काळाचौकीच्या खोलीत नवा झाडूसुद्धा कुंकू लागल्याशिवाय कोपऱ्यात जात नसे. हे तर हरीचं नाव घेऊन मिळालेलं. बुवा परत आले त्याच संध्याकाळी तिने सगळ्या नोटा देवासमोर मांडल्या आणि एकेकीला बोट लावलं. तेव्हा निरांजन धरून बुवाच उभे होते. दोघांनाही किती बरं वाटलं होतं.

"महिना कसा थांबू?" ते म्हणाले. "माझा तबलेवाला परळला हॉस्पिटलात पडलाय. खुबा मोडलाय त्याचा. उद्या ऑपरेशन. खुब्यात बसवायच्या वाटीचे पैसे आज संध्याकाळच्या आत भरायचेत."

लवू त्यांच्या डाव्या हाताला बसून वाजवायचा तो दोघांचेही केस काळे होते तेव्हापासून. विमानं बदलत सगळी अमेरिका हिंडला, ठणठणीत. आणि घरी पोचल्यावर चाळीच्या जिन्यात पाय घसरला.

मानसीने पुन्हा एकदा सगळ्या नोटा उलगडून पाहिल्या. मग दोन बाजूला काढल्या. "ह्या दोन क्लीन आहेत. ह्यांचे देते. पासपोर्ट द्या."

त्या दोन नोटांचे जे रुपये आले त्यात वाटीची कडही आली नसती. बुवांनी काउंटरशी उभ्याउभ्याच लवूच्या मुलीला, दर्शनाला, फोन लावला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "बरं, बुवाकाका," एवढंच म्हणाली. "मग पुढच्या सोमवारचा नंबर मागते. तोवर मीही बघते कुठे काय जमतंय ते. बाबांना सांगते मी."

फोन खिशात ठेवून ते मानसीला हळूच म्हणाले, "ती बसलीय ना, तिला काय सांगू?"

मानसीने सोफ्याकडे पाहिलं. कुंकू कोणी लावलं हे विचारायची तिला गरज पडली नाही. "सांगा, आमच्याकडची कॅश संपली. मला विचारलं तर मीपण तेच सांगेन."

बुवा सोफ्यावर येऊन बसले.

"अहो, झालं काम?"

"थोडं झालं. कॅश संपली म्हणतायत त्यांची. बाकीचं नंतर."

"संपायचीच," अंबिका म्हणाली. "मला ठाऊक आहे का अडलं ते."

ती बुवांच्या जवळ सरकली.

"दोन नोटा पाकिटाच्या तळाला राहिल्या होत्या. देवासमोर आल्याच नाहीत. सगळं आवरल्यावर दिसल्या. मला आला कंटाळा, तशाच बंडलात सारल्या. देवाला काय, कळत नाही होय?" तिने पर्स उघडून करंडा बाहेर काढला. "द्या त्या दोन इकडे. इथेच लावते. म्हणजे दुसऱ्या दुकानात तरी कोणी अडवायचं नाही."

कीर्तनाच्या गादीवर उभे राहिले की दोन दोन तास बुवांचा शब्द अडत नसे. आत्ता ते फार दमले होते. जे सांभाळायचं होतं तेच तोंडून निसटलं.

"त्या गेल्या. त्याच तेवढ्या घेतल्या त्यांनी."

"त्याच?"

"हो."

अंबिकाने त्यांच्या हातातलं बंडल घेतलं. चष्मा लावला. एक नोट पाहिली, दुसरी पाहिली, मग अंगठ्याने नुसत्या कडा चाळत शेवटपर्यंत गेली. काउंटरवर मानसी उगाचच कुठलासा कागद शोधत होती.

करंडा पर्समध्ये गेला. पर्सची चेन लागली.

"मग लवूचं उद्या नाही," अंबिका म्हणाली.

"सोमवारी. तोवर जमवू काहीतरी."

ती बुवांच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. दोन पावलं टाकून दारात थांबली.

"त्याला यातलं काही सांगू नका हं," ती म्हणाली. "हसत सुटेल मेला. आणि हसला की खुब्यात कळ जाते त्याच्या."