मांडी

"तपासण्यासारखं आता काही उरलं नाही, शेवंताबाई," डॉ. माईणकर म्हणाल्या. "गुडघ्यातली गादी पार झिजलीय आणि ऑपरेशन तुमच्या हृदयाला झेपणार नाही."

"तरी एकदा पट्टा लावून बघा की."

पेशंटचं दुखणं स्वतः अनुभवून तपासता यावं म्हणून हे पट्टे होते. डॉक्टरांनी एक पट्टा शेवंताबाईंच्या गुडघ्याला बांधला, दुसरा स्वतःच्या. बटण दाबताच शेवंताबाईंची कळ डॉक्टरांच्या गुडघ्यात उतरली. बटण बंद करेपर्यंत दुखणं आता डॉक्टरांचं होतं आणि पेशंट मोकळा.

शेवंताबाई टेबलावरून उतरल्या आणि खाली फरशीवर त्यांनी चक्क मांडी घातली. डॉक्टरांच्या गुडघ्यात जणू सुरी फिरली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

शेवंताबाईंनी पिशवीतून डबा काढला. आत भाकरी होती आणि वांग्याची भाजी.

"खुर्चीत बसून जेवलं की जेवल्यागत वाटत नाही बघा," त्या ओशाळून म्हणाल्या. "दोन घास खाते अन् उठते."

डॉक्टरांचा हात बटण बंद करायला गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"सावकाश जेवा," त्या कशाबशा म्हणाल्या. "ठसका लागेल."