थेंब आहे तोवर

"वर," लेक म्हणाली.

खट्. बाबांनी खटका फिरवला.

"खाली."

खट्.

दुर्बिणीला डोळा लावून ती बसली होती. पितळेच्या दोन तबकड्या, मधे करंगळीच्या नखाएवढी जागा, आणि त्या जागेत तेलाचा एक थेंब. थेंब कसला, काळोखात लुकलुकणारा ठिपका. खटका एका बाजूला केला की वीज त्याला वर न्यायची, दुसऱ्या बाजूला केला की तो आपल्या वजनानं खाली यायचा. खालच्या रेघेला टेकला की लेकीनं "वर" म्हणायचं, वरच्या रेघेला टेकला की "खाली". जरा चुकलं की थेंब तबकडीला चिकटला, संपला. तोच पुन्हा मिळायचा नाही.

उभा जन्म बाबांनी कॉलेजातल्या पोरांना हा प्रयोग याच खोलीत शिकवला. आता डोळे गेले होते, आणि उद्या खोलीही रिकामी व्हायची होती. "शेवटचा एक थेंब धरू गं," असं ते फोनवर म्हणाले म्हणून ती आली. आल्या आल्या सांगूनही टाकलं, "थेंब आहे तोवर थांबते, बाबा. तो पडला की निघाले. संध्याकाळची बस आहे."

"बरा आहे ना आपला थेंब?"

"मजेत आहे. तुमच्यासारखाच, जिना उतरताना कुरकुरतो."

बाबा खुदकन हसले. देवानं डोळे नेले पण कान शाबूत ठेवले, असं ते सगळ्यांना सांगत. आत्ताही मान कलती करून ते दोन हाकांमधलं अंतर तोंडातल्या तोंडात मोजत होते.

शिपायानं दारातून डोकं आत घातलं. "सर, पाडा की त्याला आता. कुलूप लावायचंय मला."

"किल्ली ठेव नि जा तू. पाहुणा चिवट आहे आमचा."

"नशीब तुमचं, सर." दाराशी ठेवलेली लेकीची बॅग पायानं बाजूला सारत तो म्हणाला. "आमच्याकडचे पाहुणे तर बॅगसुद्धा उघडत नाहीत."

तो गेला. लेकीच्या मांडीवर फोन थरथरला. तिनं नुसती नजर खाली टाकली. नवऱ्याचा निरोप होता, खिडकीजवळची जागा मिळाली. तिनं अंगठ्यानं 'बरं' एवढंच लिहिलं आणि डोळा परत दुर्बिणीला लावला.

काळोख.

तिनं स्क्रू फिरवला, पुढे, मागे. रेघा होत्या. ठिपका नव्हता.

"काय गं?"

"काही नाही. वर."

खट्.

आता सांगू, पुढच्या वेळी सांगू. पण बाबांचे ओठ मोजत होते. ती लहानपणी पाढे म्हणायची तेव्हा ऐकताना असायचा, तसाच त्यांचा चेहरा दिसत होता. थेंब पडला, निघते मी, एवढंच म्हणायचं. आणि ते खरंही होतं. पण ते विचारतील, कसा पडला? तू तर बघत होतीस. मांडीवरचा फोन तिनं उपडा केला.

"खाली," ती म्हणाली. खट्. "वर." खट्. एकदा ताल सापडल्यावर जीभ आपली आपण चालू लागली.

"अजून त्याच चालीनं चाललाय?" बाबांनी विचारलं.

"हो. का?"

"नवल आहे. तेल उडत जातं गं. इतक्या वेळानं थेंब हलका होतो. मग खाली यायला जास्त वेळ लावतो."

तिचे कान तापले. पुढच्या खेपेला "खाली" म्हटल्यावर ती थांबली. आणखी थोडी थांबली. मग म्हणाली, "वर."

"हं," बाबा म्हणाले. "आता कसं!"

खट्.

टेबलावरचं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून निघून गेलं. मघाशी फोन दोनदा थरथरला होता, आता तोही गप्प झाला. बस गेली असणार. लेक काळोखात बघून सांगत राहिली, वर, खाली, आणि बाबा खटका फिरवत राहिले.

शेवटी तिला राहवेना. सांगूनच टाकायचं ठरवून तिनं डोळा काढला. "बाबा..."

विजेच्या पेटीवरचा लाल दिवा विझलेला होता. इतक्या खट्-खट्‌मधला कोणता आवाज पेटी बंद करण्याचा होता, कोण जाणे. बाबांचा हात खटक्यावर नव्हता. तो टेबलाच्या कडेवर होता, आणि बोटातली अंगठी लाकडापासून जराशी उचललेली होती. पुढच्या 'खट्'ची वाट बघत.

"थांबलीस का?" बाबा म्हणाले. "पोचला असेल की खाली."

ती त्या अंगठीकडे बघत राहिली. मग तिनं डोळा परत दुर्बिणीला लावला.

"वर," ती म्हणाली.

खट्.