गोगलगायी यायच्या आधी

बाबांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ इतकं माजलं होतं, की काचेतून मासे दिसायचे नाहीत, नुसता अंदाज बांधावा लागायचा. शेवटी बाबा दुकानात गेले आणि दुकानदाराचं डोकं खाऊन त्यांनी सफाईची फौज निवडली. काचेसाठी गोगलगायी, वाळू उकरायला शंखातले खेकडे आणि उरलंसुरलं खायला एक कोळंबी.

"घरी शेवाळ भरपूर आहे ना? या गोगलगायींचं तेच जेवण," दुकानदाराने बजावलं.

"भरपूर? अहो, रान माजलंय रान!" बाबांनी अभिमानाने सांगितलं.

पाण्याच्या पिशव्या तान्ह्या बाळासारख्या जपत बाबा घरी आले, तर टाकी लख्ख! काच आरशासारखी, दगड न् दगड घासलेला. शेजारी आई, कोपरापर्यंत ओली, स्पंज पिळत उभी.

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, हे काय करून ठेवलंस? आता या बिचाऱ्या खाणार काय?"



"ते बघू हो नंतर. पण कामाला कोणी नवीन येणार, त्यांना पहिल्याच दिवशी इतकं घाण घर दाखवायचं? काय म्हणतील ते आपल्याला!"