तिसरं मशीन

पहिलं.

जड. दोन्ही मुठी दाबून धरल्या की जागचं हलत नाही. राउटर म्हणजे इंटरनेटची डबी नव्हे. लाकडाच्या कडेने गरगरत आकार कापून काढणारं मशीन. बापाने फर्मा फळीवर चिकटवला, त्याच्या कडेकडेने मशीन फिरवलं, बंद केलं. लहान मुलीचा पंजा. फर्म्यावर ठेवून बघितला, तंतोतंत.

दुसरं.

हलकं. आवाज कमी, पुढे दिवासुद्धा. पंजा तोच. हेच ठेवावं, असं त्याने जवळजवळ ठरवलं. मशीनवाला तीनही वापरून बघायला सोडून गेला होता. आज येऊन दोन परत नेणार होता.

तिसरं.

तिसऱ्याची मूठ जरा—

मुठीचं राहू दे. पातं तेच होतं, आधीच्या दोन्हींत वापरलेलं, आता यात बसवलेलं. फळी तीच. कापून निघाला तो पंजा मोठा होता. जाड नव्हे, मोठा. बोटं लांब, निमुळती, दोन बोटांमधल्या फटी स्वच्छ. बापाने दुसरी फळी घेतली. पुन्हा तसाच. मग त्याने बायकोला हाक मारली.

फर्मा त्यांच्या मुलीच्या हाताचा होता, ती पहिलीत असतानाचा. तिने प्लायवर पंजा टेकवला होता, बापाने भोवतीने पेन्सिल फिरवली होती, गुदगुल्या होतात म्हणून ती ओरडली होती. त्याच महिन्यात ती शाळेतून निघाली आणि घरी पोचली नाही. एवढंच कळलं. पोलिसांनाही एवढंच.

आई दारात उभी राहिली. टेबलावर चार पंजे होते, दोन लहान, दोन मोठे. ती टेबलापाशी आली. मोठ्यावर स्वतःचा हात ठेवून बघितला. तिची बोटं थोडीशीच बाहेर आली.

बेल वाजली.

"काय भाऊ, ठरलं का?" मशीनवाला थेट मागच्या खोलीत आला. "वहिनी, तुम्हाला पसंत करतानासुद्धा एवढेच आढेवेढे घेतले होते का यांनी?"

"हे ठेवतो," बाप म्हणाला. "तिसरं."

मशीनवाल्याने पंजे उचलले, एकावर एक धरले. त्याचं हसू जरा मावळलं.

"हे याने कापलं? फर्मा तोच?"

"तोच."

"असं कसं होईल? पात्याला बेअरिंग असतं, ते फर्म्याला टेकून पळतं. मशीन कुठलंही लावा, कट तोच यायला पाहिजे. आणि फरक पडलाच तर सगळीकडून सारखा पडेल. बोटं कशी वाढतील?" त्याने डोकं खाजवलं. "डिफेक्टिव्ह पीस आहे, भाऊ. परत नेतो. त्या दिव्यावाल्याला तोड नाही, डोळे मिटून घ्या."

"हेच हवंय."

"अहो, ते चुकीचं कापतंय! उद्या माझ्या नावाने खडे फोडाल."

"नाही फोडणार."

"नंतर बदलून मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो." त्याने मोठा पंजा पुन्हा हातात घेतला, उलटसुलट केला. "पण बेटं कापतं सुरेख. आमच्या धाकटीचा हात डिट्टो असाच आहे बघा."

"कितवीत आहे?" आईने विचारलं.

"नववीत. नुसती उंच वाढलीय, अभ्यासाच्या नावाने बोंब."

आईने बापाकडे बघितलं. "आपलीही नववीतच असेल आता."

"अरे वा! बोलला नाहीत कधी. कुठल्या शाळेत?"

आईने मोठा पंजा त्याच्या हातातून काढून घेतला. मशीनवाला उगाच खिसे चाचपायला लागला. खिशातला पाना त्याच्या हाताला लागला. "निदान पातं धरणारा चक तरी घट्ट करून देतो. बेअरिंग बदलतो. दोन मिनिटांत सुतासारखं सरळ—"

"हात लावू नका."

आई एवढंच म्हणाली. पण ती मशीनच्या आणि त्याच्या मध्ये आली होती, आणि तिचा पंजा मशीनवर पसरलेला होता. त्याने पाना खिशात टाकला. दोन्ही मशीनं काखोटीला मारली आणि चहा घ्या म्हणायच्या आत बाहेर पडला. जिन्यात त्याचा आवाज आला, "काय एकेक माणसं असतात."

पुन्हा तिसरं.

बापाने नवी फळी शिकंज्यात आवळली. बघून घेतली, कुठे गाठ नव्हती, चीर नव्हती. फर्मा चिकटवला. आई या वेळी बाहेर गेली नाही. मशीन सुरू झालं, करंगळीवरून चढलं, उतरलं, एकेक बोट करत अंगठ्याला वळसा घालून मनगटापाशी आलं. कुठे अडलं नाही. त्याने बटण बंद केलं. पातं फिरत फिरत थांबलं.

हात तोच. मोठा, लांब बोटांचा.

अंगठ्याच्या खाली, कडेला, एक खाच होती. वेडीवाकडी, खोल. फर्म्यावर नव्हती. मघाच्या दोन पंजांवरही नव्हती.

"तुमचा हात हलला?"

"नाही."

"नक्की?"

"मशीन सरकलं असेल," बाप म्हणाला. "चक घट्ट करून देतो म्हणालाच होता ना तो."

आईने पंजा शिकंज्यातून सोडवला. कापलेली कड अजून गरम होती. खाचेत बारीक भुसा साचला होता. तिने पंजा तोंडाजवळ नेला आणि फुंकर घातली.

भुसा लगेच उडाला. ती थांबली नाही. डाव्या हाताने लाकडाचं मनगट धरून, हळू, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा फुंकर घालत राहिली.