चौदावा दिवस

"दांडा जिकडे ढकलाल, त्याच्या उलट बोट वळते," हेट्टीने तिसऱ्यांदा बजावलं.

"कळलं हो, बाईसाहेब. एकतीस वर्षं बस चालवलीय मी," क्लेमंट म्हणाला आणि सुकाणूचा दांडा धरून ऐटीत उभा राहिला.

तो बोट घ्यायला आला होता. सकाळपासून हेट्टीने त्याच्यापासून काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या आसाला रोज संध्याकाळी ग्रीस द्यायचं, नाहीतर तळात पाणी साचतं. दर तिसऱ्या वर्षी बोट बाहेर काढून बुडाला डांबर फासायचं. बोट बांधायच्या खुंट्या काठाच्या अगदी कडेला ठोकायच्या नाहीत, माती सुटते. आणि मुख्य म्हणजे या बोटीला स्वतःची जागा नाही. कालव्याच्या नियमाने एका ठिकाणी चौदाच दिवस राहायचं, मग पुढे सरकायचं. बोट विकली जाते, काठ विकला जात नाही. आधीची दोन गिऱ्हाइकं एवढं ऐकूनच गेली होती. मुलगा कीथ फोनवर वैतागला होता, "आई, तू बोट विकतेयस की माणसं पळवून लावतेयस?"

खरं तर तिला विकायचीच नव्हती. पण नवरा, विल्फ, फेब्रुवारीत गेला. चोवीस वर्षं बोट हेच घर; मागे दांड्यापाशी तो आणि पुढे टोकाला दोर घेऊन ही. पहिल्याच उन्हाळ्यात तिने एकदा दांडा हातात घेतला होता आणि बोट पुलाला घासली होती. "हे तुझं काम नव्हे," विल्फ म्हणाला. विषय संपला तो संपलाच. आता दर पंधरवड्याला कुणाच्या तरी पाया पडावं लागे, की बाबा, तेवढी बोट पुढे नेऊन दे. दहाव्या दिवसापासून तिची झोप उडायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीकडे ती बघत बसायची, याला तासभर वेळ असेल का, त्याला विचारू का. लाज वाटायची तिला. कीथने आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती. चालवताच येत नाही, तर बोट ठेवून करायचं काय?

आज पुन्हा चौदावा दिवस होता. बोट बघायला आलेल्या माणसाकडूनच ती पुढे हलवून घ्यावी, एवढा सरळ बेत तिने केला होता.

तिने दोर सोडला, पुढचं टोक पायाने लोटलं आणि उडी मारून चढली. सवयीने आपल्या जागी, टोकाला जाऊन उभी राहिली. पुलाआधी डावीकडे वळण होतं. क्लेमंटने दांडा डावीकडे ओढला. सत्तावन्न फुटांची बोट शांतपणे उजवीकडे वळली आणि लव्हाळ्यात तोंड खुपसून थांबली.

शेजारच्या बोटीवर आयव्हर चहा पीत सगळं ऐकत बसला होता. "बसथांबा पुढे आहे हो," तो म्हणाला.

"मागे घ्या," हेट्टी ओरडली. "आणि आता दांड्याकडे बघू नका. माझ्या हाताकडे बघा. हात जाईल तिकडे दांडा."

बोट लव्हाळ्यातून सुटली. हेट्टीने हात थोडा उजवीकडे केला. मग सरळ. मग किंचित डावीकडे. पुलाखाली दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा होती. बोट कुठेही न टेकता पलीकडे गेली. पुढे कालवा सरळ होता, म्हणून ती केबिनमधून चालत मागे आली.

क्लेमंटच्या कपाळावर घाम होता. "तुमचे यजमान हे रोज कसं करायचे?"

"असंच."

"असंच म्हणजे? तुमच्या हाताकडे बघून?"

ही गोष्ट तिने कीथलाही सांगितली नव्हती. "त्यांना लांबचं दिसत नव्हतं. शेवटची दहा वर्षं. कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते. सगळ्या कालव्यावर नाव होतं त्यांचं, विल्फची बोट पुलाच्या विटेला शिवत नाही म्हणून."

"मग ते स्वतः काय करायचे?"

"मी दाखवीन तिकडे दांडा ढकलायचे."

क्लेमंट हसला. "एवढं तर आत्ता मीही केलं."

हेट्टी हसली नाही. ती दांड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरका जरा."

दांडा हातात घेतल्यावर आधी बोट हेलकावली. तिने नकळत डावा हात थोडासा उचलला, जसा ती पुढे उभी राहून उचलायची. उजव्या हाताने दांडा तेवढाच ढकलला. बोट सरळ झाली.

बांधायची जागा आली. हेट्टीने बोट थांबवली नाही. जागा मागे पडली.

"इथेच बांधायची म्हणाला होतात ना?" क्लेमंटने विचारलं.

"पुढे बघू."

"बरं. बोट आवडली मला. घेतो मी."

"विकायची नाही."

"अहो, सकाळी तर विकायची होती."

"होती," हेट्टी पुढच्या पुलावरची नजर न काढता म्हणाली. "चालवणारं माणूस गेलं असं वाटलं होतं, म्हणून."