बावीस इंची कंबर

अंब्रेला फ्रॉकचा घेर जमवताना मालनताईंनी जुन्या साडीचे तीन तुकडे वाया घालवले. आता टेबलावर उरलं होतं ते गिऱ्हाइकाच्या लेकीचं रेशमी कापड, आणि त्यावर कात्री चालवायची त्यांची छाती होईना. शेवटी त्यांनी मोबाइलवरच्या ‘गणितकट्ट्या’वर विचारलं, “कंबर बावीस इंच आहे. कापडाची चौघडी केलीय. कोपऱ्यापासून किती इंचांवर गोल कापू?”

कट्ट्यावरचे ‘गणितभूषण’ लगेच गुरगुरले, “इथे गृहपाठ करून मिळत नाही. आधी तुमचा प्रयत्न दाखवा!”

मालनताईंनी तिन्ही तुकड्यांचा फोटो टाकला. एकातून मांजर जेमतेम गेलं असतं, दुसऱ्यातून म्हैस आरामात गेली असती आणि तिसरा तर गोलच नव्हता.

गणितभूषण वरमले. सूत्र, आकृती आणि उपदेशासकट उत्तर आलं: साडेतीन इंच.

मालनताईंनी खडूने साडेतीनवर खूण केली, कात्री उचलली आणि थबकल्या. भोकाच्या कडेचं अर्धा इंच कापड शिलाईत जाणार, म्हणजे भोक तेवढं मोठं होणार आणि पोरीचा फ्रॉक चालता चालता घसरणार! त्यांनी खूण पुसून तीनवर कापलं. संध्याकाळी फ्रॉक असा चपखल बसला, की पोरगी गिरक्या घ्यायची थांबेना.

“साडेतीनच आलं ना?” गणितभूषणांनी ऐटीत विचारलं.

“नाही. तीन आलं.”

“अशक्य! कसं काय? रीत सांगा!”

मालनताईंनी आधी सुईत दोरा ओवला. मग सावकाश टाइप केलं, “आधी तुमचा प्रयत्न दाखवा.”