घरोघर फिरलेली वाटी

सुनेचं डोकं फिरलंय, असं कोंडाबाईंनी अख्ख्या आळीला सांगून टाकलं होतं. त्यांच्या भांड्यांच्या दुकानासमोर दुसरं चकचकीत दुकान उघडलं, गिऱ्हाईक आटलं, कायमचं शटर ओढायची वेळ आली. आणि ही बया प्रत्येक खरेदीवर दुकानाचं नाव कोरलेली स्टीलची वाटी फुकट देत सुटली!

"घर धुऊन नेलंस गं माझं!" कोंडाबाई गल्ल्यावरून कडाडल्या.

तेवढ्यात स्टेशनपलीकडची एक अनोळखी बाई आत आली. "शेजारणीनं तुमच्या वाटीतून खीर धाडली होती. रिकामी कशी परत करायची, म्हणून मी लाडू घालून दिली. पण नाव लक्षात ठेवलं. लेकीच्या लग्नाची सगळी भांडी घ्यायचीत."

तिच्यामागं आणखी दोघी होत्या. त्यांच्याही घरी कुणाकडून तरी वाटी आली होती.

कोंडाबाईंनी लगबगीनं सतरंजी अंथरली. मग हसू दाबत, सगळ्यांदेखत सुनेला म्हणाल्या, "अक्कल आहे तुला, पण अर्धीच. एवढी मोठी वाटी कशाला? लहान दे. लहान वाटी भरून द्यायला बायकांचा हात आखडत नाही. चार घरं जास्त हिंडेल!"